डाव्या कानाशी बोललेलं

मामा, तू पिऊन पडला नाहीस.

पत्रकाचं पहिलं वाक्य एस.टी.च्या खिडकीतून वाचता आलं पाहिजे, हे तूच मला शिकवलंस, म्हणून हे सगळ्यात वर. ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांनी एवढंच घेऊन जावं आणि डेपोसमोरच्या टपरीवर, बाजारात, तुझ्या शाळेच्या पाड्यावर, जिथं तुझं नाव निघेल तिथं सांगावं. सदाशिव गुरुजी प्यायलेले नव्हते. त्या दिवशी नव्हते, त्याआधीही नव्हते. लग्नाआधी एकदा मित्रांनी ताडी पाजली, ती तू बांधावरच ओकून टाकलीस. दारूशी तुझा संबंध एवढाच. मामीने शपथेवर सांगितलंय, आणि मामी तुझी बाजू उगाच कधी घेत नाही.

उत्तरकार्याच्या दिवशी मी मांडवाच्या मागे उभी होते. पत्रावळ्या मांडणारी दोन माणसं बोलत होती. माणूस चांगला होता, एक म्हणाला. दुसरा म्हणाला, हो, पण बाटलीने नेला. आणि पहिल्याने मान हलवली. तुझ्याच मांडवात, तुझ्या फोटोच्या पाठीमागे. मी पुढे होऊन भांडणारच होते. मामीने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, आज नको. हे आज नको तुमच्या घरात मी किती वेळा ऐकलं. तूही तेच म्हणायचास. आज नको, इतक्यात नको, मी असेपर्यंत नको.

आता तू नाहीस. आता लिहिते.

मी तुझ्या बहिणीची मुलगी. जव्हारला संघटनेत काम करते, दारूबंदीची पत्रकं लिहिते, मोर्च्यात पुढे असते आणि लोकांशी फाडकन बोलते, हे शेवटचं तुझं म्हणणं. माझं प्रत्येक पत्रक छापायला जाण्याआधी तू वाचायचास आणि लाल पेनाने उद्गारचिन्हं खोडायचास. "एवढ्या काठ्या कशाला रोवतेस, बाय? वाक्यात दम असला तर ते आपल्या पायावर उभं राहतं." मी चिडायचे. म्हणायचे, तुला राग येतच नाही, तू मास्तर आहेस. या लेखात एकही काठी रोवलेली नाही, बघ. रोवायला हात शिवशिवतोय, तरी नाही.

आता कानाचं.

आपल्या बोहाड्याच्या उत्सवात देवांची सोंगं निघतात, हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. लाकडी मुखवटे, एकेक मुखवटा एकेका घराकडे बापजाद्यांपासून. आपल्या घराकडे नरसिंह. मुखवटा जड, कडा बोचऱ्या. तो घासू नये म्हणून आधी डोक्याला आणि कानांना फडकं गुंडाळतात, करकचून. वर संबळ अगदी शेजारी वाजत असतो. त्यामुळे बोहाडा झाला की सोंग घेणाऱ्या सगळ्यांचेच कान काही दिवस दडे बसल्यासारखे राहतात. त्यात कुणाला काही वाटत नाही. उलट ज्याचे कान बंद तो नीट नाचला, असा हिशेब.

म्हणून तुझा डावा कान बंद झाला तेव्हा तू म्हणालास, फडक्याचं आहे. पावसाळा आला, भाताचं आवण लावून झालं, तरी तू फडक्याचंच म्हणत होतास. कानात पिठाची गिरणी चालल्यासारखी घरघर सुरू झाली, तीही फडक्याची. दुसऱ्या कुठल्या गावात माणूस कान घेऊन डॉक्टरकडे गेला असता. आपल्या गावात कान बंद होणं हा मान होता, आणि मानाला कोण औषध घेतं?

मग चक्कर सुरू झाली. साधी नाही. पहिल्या वेळी मामी चुलीपाशी होती. तू भिंतीला पाठ लावून खाली बसलास आणि म्हणालास, घर फिरतंय, मला धर. तू शुद्धीवर होतास, बोलत होतास, पण घाम फुटला होता आणि एकामागून एक उलट्या. मामीने तुझ्या डोळ्यांत पाहिलं तर बुबुळं एका बाजूला सरकायची आणि झटक्याने परत यायची. ती घाबरली ते त्या डोळ्यांना. दुपारपर्यंत तसंच. मग आपोआप ओसरलं, आणि तू पोतं टाकावं तसा झोपलास.

एका दवाखान्यात पित्ताची गोळी दिली. दुसऱ्या एका डॉक्टरने मानेचा दोष सांगितला आणि पट्टा घालायला लावला. तो घालून तू वर्गात उभा राहिलास की पोरं तुला जिराफ गुरुजी म्हणायची, हे तू मला नंतर हसत सांगितलंस. कानाबद्दल कुणी विचारलं नाही. आणि तूही सांगितलं नाहीस, कारण तुझ्या लेखी कान फडक्याचा आणि चक्कर पित्ताची. दोन वेगळ्या घरची दुखणी. ती एकाच घरातली भावंडं आहेत हे आपल्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मला आधी कळलं ते तक्रारीतून. संघटनेतला भास्कर, माझ्याच वयाचा, फार सरळ पोरगा, त्याच्याकडे पाड्यावरची माणसं आली होती. तुमचे गुरुजी भिंत धरून चालतात, वर्गाच्या मागे जाऊन ओकतात, पोरांना गप्प बसवून टेबलावर डोकं टेकतात. आपण दारूबंदीवाले, यांच्याविरुद्ध पत्रक काढा. भास्करने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, तुझा मामा म्हणून सोडायचं का? मी म्हटलं, माझा मामा म्हणून आधी मी जाऊन येते, तोवर कागद पुढे सरकवू नकोस.

मी आले. तुझ्याजवळ अगदी चिकटून बसले. तू वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणालास, "वास घेऊन झाला असेल तर चहा घे."

मामी हसत सुटली, आणि हसता हसता रडायला लागली. तेव्हाच तिने सांगितलं. तू हल्ली फोन उजव्या कानालाच लावतोस. उजव्या कुशीवर झोपलास की तुला हाक ऐकू येत नाही, डाव्यावर झोपलास की येते. आणि चक्कर यायच्या आधी कान जास्त भरतो, घरघर वाढते, हे तिने पुष्कळदा पाहिलं होतं. म्हणजे आधी कान आणि मग चक्कर. एवढं कुणीतरी एका वाक्यात डॉक्टरसमोर ठेवायला हवं होतं. मी ते ठेवायला तुला नाशिकला नेलं, कारण कानाचा डॉक्टर आपल्या दोन्ही तालुक्यांत तेव्हा मला सापडला नाही. जिथं माणूस कानामुळे कोसळू शकतो तिथं कान तपासायला घाट ओलांडून जायचं, यावर मी अजून एक पत्रक लिहिणार आहे. त्यात मात्र काठ्या रोवणार.

डॉक्टर मोजकं बोलणाऱ्या होत्या. काचेच्या खोलीत बसवून तुझं ऐकणं तपासलं. मग म्हणाल्या, डोळे मिटा, हात पुढे धरा आणि जागच्या जागी पावलं टाका. तू पावलं टाकलीस. जागच्या जागी टाकतोय असं तुला वाटत होतं. डोळे उघडलेस तेव्हा तू पार डावीकडे वळून कपाटाकडे तोंड करून उभा होतास. तुझा चेहरा उतरला. मला वाटलं, आजाराला घाबरलास.

त्यांनी समजावून सांगितलं. तोल सांभाळणारं यंत्र कानाच्या आत, पार खोल असतं. तिथल्या पाण्याचा दाब बिघडतो, तेव्हा तो कान मेंदूला खोटी बातमी देतो की तुम्ही फिरताय. उघडे डोळे बरंच सावरून घेतात. अंधारात, डोळे झाकलेले असताना नाही. पूर्ण बरा होईल असं त्या म्हणाल्या नाहीत, आटोक्यात राहील म्हणाल्या. मीठ कमी, गोळ्या वेळेवर, मोटारसायकल बंद, शिडी, विहिरीचा काठ, पोहणं बंद. आणि एक इशारा दिला. काही जणांना पुढे पुढे सूचना न देता झटका येतो. चक्करही जाणवत नाही, कुणीतरी ढकलल्यासारखा माणूस खाली जातो.

मिठाचं ऐकून तू एवढंच विचारलंस, "सुकट चालेल का?" त्या नाही म्हणाल्या. तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू आजार तिथून सुरू झाला.

परतीच्या एस.टी.त तू खिडकीकडे तोंड करून बसलास. घाट संपून मोखाड्याकडे उतरायला लागलो तेव्हा बोललास. "बाय, मी जानकीकाकूच्या दारात गेलो तो असाच गेलो."

कान बंद झाल्यानंतरच्या बोहाड्यातली ती सकाळ मी पाहिली होती. उजाडता उजाडता नरसिंहाचं सोंग गल्लीतून नाचत आलं आणि मध्येच डावीकडे वळलं. तिथं जानकीकाकूचं घर. नवरा तरुणपणी गेलेली, मूलबाळ नाही. सोंगाला ओवाळायला सवाष्णी पुढे होत, ती आपल्या दाराआड उभी राही. त्या दारात नरसिंह गेला, चौकट धरली आणि डुलत उभा राहिला. संबळवाला दचकून अजून जोरात वाजवू लागला. आणि काकू आतून तबक घेऊन आली, तिने ओवाळलं, बराच वेळ ओवाळत राहिली. कुणी अडवलं नाही, देवच दारात गेल्यावर कोण अडवणार? पुढच्या वर्षी लोकांनीच तिचं अंगण सारवलं, रांगोळी काढली, मिरवणूक तिथं थांबवली. आता तिच्या ओवाळणीशिवाय सोंग पुढे जात नाही.

"देव नव्हता," तू म्हणालास. "मुखवट्याच्या भोकांतून दिसत नव्हतं, कान फिरला आणि मी तिकडे गेलो. चौकट हाती लागली म्हणून वाचलो."

मी म्हटलं, मग सांग ना लोकांना. एका दगडात दोन कामं. तू पीत नाहीस हेही कळेल आणि अंगात येणं म्हणजे काय तेही. तू म्हणालास, आणि काकूचं काय? मी म्हटलं, माणसाचा मान कानाच्या आजारावर उभा नको, हक्कावर हवा. तू म्हणालास, "हक्काचं पत्रक काढ आणि ते लागू होईपर्यंत तिला दाराआड उभी कर. बरोबर?"

इथून आपलं भांडण सुरू झालं, ते संपलंच नाही. मी सत्याच्या बाजूने, तू एका बाईच्या बाजूने. मी तुला भित्रा म्हटलं. तू म्हणालास, दारूडा म्हणून घेणारा माणूस भित्रा कसा असेल? त्यानंतरच्या बोहाड्यात तू सोंग घेतलं नाहीस, चुलतभावाच्या हाती मुखवटा दिलास, कारण सांगितलं नाहीस. गाव म्हणालं, दारूने देवाचा मान घालवला. मोटारसायकल विकलीस, गाव म्हणालं, तीही प्यायला. काठी घेऊन चालायला लागलास, त्यावर तर विनोदच झाले. भास्कर तेवढा तुझ्या घरी येऊन, तुझ्या नाशिकच्या तपासण्या पाहून, डोळ्यांत पाणी आणून गेला. त्यालाही तू गप्प राहायला सांगितलंस. तुला माझा राग कळत होता. शेवटचं भेटलो तेव्हा तू दाढी करत होतास. अर्ध्या तोंडाला फेस, आरशातूनच म्हणालास, "मी मेल्यावर लिही काय लिहायचं ते. पण आधी काकूला विचार." आपण दोघं हसलो. मी म्हटलं, तोपर्यंत मीच म्हातारी होईन.

मी चुकले, एवढंच. वेळ इतका थोडा होता.

शाळेकडून येताना ओढ्यावर मोरी आहे, तिला कठडा नाही. मागून शेळ्या घेऊन एक बाई येत होती. तिने पोलिसांना सांगितलं ते मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकून घेतलं. गुरुजी सरळ चालले होते. पाय घसरला नाही, झोकांडी गेली नाही, हातसुद्धा पुढे आला नाही. कुणी ढकलावं तसे गेले, आणि मागे तर कुणी नव्हतं. खाली पाणी घोट्याएवढं, पण दगड. मामा, त्या बाईने नाशिकच्या डॉक्टरांना कधी पाहिलेलं नाही. शब्द मात्र तेच.

मामीने अजून स्वयंपाकात मीठ वाढवलेलं नाही. उत्तरकार्यानंतर मी जेवायला बसले तर आमटी अळणी. ती म्हणाली, सवय झालीय. आणि फडताळात वर, डब्यांच्या मागे, तिला कागदात गुंडाळलेली सुकट सापडली. चोरून आणलेली, न खाल्लेली. ती तिने फेकली नाही आणि भाजलीही नाही. परत गुंडाळून जागेवर ठेवली.

जे पत्रक तुझ्या हयातीत निघायला हवं होतं ते इथं लिहिते, वाचणाऱ्यांनी दुसऱ्याला वाचून दाखवावं. घर गरगर फिरतं, घाम आणि उलट्या होतात, अर्धा तास किंवा अर्धा दिवस टिकतं, पण शुद्ध जात नाही, आणि त्याच्या आसपास एक कान भरतो, आत घरघर होते, ऐकू कमी येतं, तर ते पित्त समजून सोडू नका. कान तपासा. झटका ओसरला की ऐकणं परत येतं म्हणून निर्धास्त होऊ नका, हळूहळू ते परत येणं थांबतं. कूस बदलली की क्षणभर सगळं फिरतं आणि थांबतं, तेही बहुतेक कानाचंच, पण वेगळं, त्यावर डोकं ठरावीक पद्धतीने फिरवून इलाज होतो. आणि चक्करेबरोबर तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, हात किंवा पाय लुळा पडला, तर कानाच्या मागे लागू नका, ताबडतोब मोठं हॉस्पिटल गाठा. अंधारात, डोंगरवाटेवर कुणी झोकांड्या खात असेल तर आधी त्याला धरा. वास नंतर घ्या.

तुझी अट पाळली. परवा जानकीकाकूकडे गेले. ती ओट्यावर नागली पाखडत होती. मी सगळं सांगितलं, कान, नाशिक, तू गप्प का राहिलास ते. सूप थांबलं नाही. मला वाटलं, तिला कळलंच नाही. मग ती म्हणाली,

"मला ठावं व्हतं."

कसं, मी विचारलं.

"चौकटीवरचा हात धरला ना मी त्याचा. गार पडलेला, घामाने निथळत. देवाचा हात नाय तो. सदूचा हात. लहानपणी इथंच बोरं खायाला यायचा."

"मग बोलली का नाहीस, काकू?"

"पडला असता तर सोंग जमिनीला टेकलं असतं, तुमचे घराचा मान गेला असता. म्हटलं, ओवाळत राहू. तेवढा दम खाईल. तबक घेऊन मी किती वेळ उभी, हात भरून आला माझा. मग लोकांनी देव केला. तो काय बोलला नाय, म्हणून मी नाय बोलले. म्हटलं, त्याला नसंल सांगायचं."

तू तिच्यासाठी गप्प. ती तुझ्यासाठी गप्प. एका गल्लीत राहून. आणि मी पत्रकं वाटत फिरत होते.

मी विचारलं, लिहू का? तिने सूप खाली ठेवलं. "लिही. त्याला दारूडा म्हणायचं आन मला ओवाळायला बोलवायचं, असला मान नको मला. आन चक्कर येऊन का होईना, आला तो माझेच दारात ना. ते तर कोण खोटं करीत नाय."

आपल्या सगळ्या भांडणाचं उत्तर तिच्याकडे होतं, मामा. तिला विचारायचं मात्र तुझ्यामाझ्या, दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मी निघाले तेव्हा तिने मागून विचारलं, कनचा कान गं त्याचा? मी डावा म्हटलं. ती चौकटीपाशी जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, ओवाळताना ती तुझ्या डाव्या अंगाला होती. मुखवट्याला तोंड लावून तुझ्याशी बोलली होती. म्हणजे तुला ऐकू गेलंच नसणार.

नाही गेलं. वर फडकं, बाहेर संबळ आणि कान तो. पण ते तुझं आहे, तुझ्यापर्यंत पोचायला हवं. माझ्याकडे दे तुझा उजवा कान. ती म्हणाली होती,

"सदू, घाई नको करू. मी धरलाय तुला. तू पडत नाय."